व्याख्या पाठ, पण ऑब्जेक्ट दिसलाच नाही!



माझा एक जुना विद्यार्थी सध्या कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतोय. सुट्टीत भेटायला आला. सहज विचारलं, "क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय रे?" त्याने दोन्ही व्याख्या इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवल्या. म्हटलं, "आता एक उदाहरण दे." पोरगं गप्प. मग म्हणाला, "सर, पेपरला व्याख्याच विचारतात."

मला वाटतं, चूक त्याची नाही. ही संकल्पनासुद्धा आपण पाढ्यांसारखी पाठ करून घेतो. त्यात 'क्लास'चं मराठी 'वर्ग' केलं की गोंधळ वाढतोच; मुलांना बाकं आणि फळा दिसतो! खरं तर क्लास म्हणजे कोरं प्रगतिपुस्तक. नाव, हजेरी क्रमांक, गुण असे रकाने ठरलेले, पण माहिती कोणाचीच नाही. एकेका मुलाचं भरलेलं प्रगतिपुस्तक म्हणजे एकेक ऑब्जेक्ट. समजा, ते स्वतःच बेरीज करून टक्केवारी काढू लागलं तर? माहिती आणि त्या माहितीवर करायचं काम एकाच ठिकाणी, हाच या पद्धतीचा गाभा. गुणांत कोणीही खाडाखोड करू नये, बदल वर्गशिक्षकांमार्फतच व्हावा, हे झालं एनकॅप्सुलेशन (नावाला घाबरू नका). शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी त्याच नमुन्याला दोन रकाने जोडले की इनहेरिटन्स.

ही कल्पना आली तीसुद्धा व्याख्येतून नव्हे. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना रांगा, कारखान्यातली कामं अशा खऱ्या गोष्टींची नक्कल संगणकावर करायची होती. त्यातून 'सिम्युला ६७' ही भाषा घडली. पुढे अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' केली, तीही लहान मुलं डोळ्यांसमोर ठेवून. मग १९८५ मध्ये सी प्लस प्लस बाजारात आली, १९९५ मध्ये जावा. आज गेम, ब्राउझर, बँकांची कामं, अँड्रॉइड ॲप, सगळीकडे या पद्धतीच्या भाषा आहेत.

म्हणून माझं म्हणणं, आधी वस्तू हातात द्या, व्याख्या नंतर. प्राथमिकला स्क्रॅचमधलं मांजरही चालेल. इनहेरिटन्स त्यात नाही, पण प्रत्येक पात्राची माहिती आणि कामं त्याच्याजवळच असतात.

त्या मुलाला मी कपाटातलं एक कोरं प्रगतिपुस्तक दिलं. उलटसुलट करून बघत म्हणाला, "सर, मग हजेरी लावणं ही मेथड होईल ना?"