नदीकडे पाठ फिरवलेले शहर

एखाद्या शहराची प्रकृती जाणून घ्यावयाची असेल, तर त्याच्या नगर परिषदेचा अहवाल चाळण्यापेक्षा सकाळच्या प्रहरी त्याच्या रस्त्यांवरून पायी एक फेरी मारणे अधिक उपयोगाचे ठरते. पुसदमध्ये अशी फेरी मारणाऱ्यास प्रथम भेटतात ते शिकवणीला निघालेले विद्यार्थी. त्यांच्या मागोमाग बाहेरगावच्या शाळेत वेळेवर पोहोचण्यासाठी एस.टी. स्थानकाकडे धावणारे शिक्षक. मग माळपठारावरून आणि तांड्यातांड्यांतून तहसील, दवाखाना, बँक वा बाजार यांपैकी कसल्या तरी कामासाठी आलेली माणसे. दहाच्या सुमारास कचेऱ्या उघडतात, दुकानांचे माल रस्त्यावर येतात आणि पायी चालणाऱ्याला गटाराच्या कडेची वीतभर जागा उरते. हे शहर निर्जीव आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. दिवसभर येथे माणसांचा राबता असतो. परंतु काम आटोपल्यावर घटकाभर थांबावे, मुलाबाळांना घेऊन बसावे, अशी जागा कोणती, असे विचारले तर सांगणारा घुटमळतो.

अशी जागा या गावाला निसर्गाने दिली होती. ती जागा म्हणजे पूस नदीचा काठ. शहराला जिच्यामुळे पाणी मिळाले, त्या नदीकडे शहराने पाठ फिरवली आणि घरांची मागची दारे तेवढी तिच्या बाजूला उघडी ठेवली. मागच्या दारातून काय बाहेर पडते हे सांगावयास नको. शहराच्या वरच्या अंगाला १९७१ मध्ये पूस धरण झाले. त्या धरणाचे पाणी पुसदकर पितात. पुढे तीच नदी गावातून सांडपाणी वाहून नेते, आणि खालच्या अंगाला महागाव तालुक्यात अधर पूस जलाशयाला जाऊन मिळते. म्हणजे एकाच नदीला वरच्या बाजूस तीर्थाचा मान आणि खालच्या बाजूस मोरीची अवकळा, असा हा व्यवहार आहे. आपल्या उशाचे पाणी निर्मळ हवे आणि पायथ्याच्या गावांनी आपले उष्टे सोसावे, या वृत्तीला नागरिकत्व म्हणता येणार नाही.

पुसदच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खटकते, कारण या तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. गहुली या लहानशा गावी १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ इतका प्रदीर्घ काळ राज्याच्या प्रमुखपदी होते. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा निर्णय त्यांच्याच कारकीर्दीत झाला आणि त्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. जलसंधारणाशी त्यांचे नाव असे जोडले गेले की १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. ज्या मातीने राज्याला नवे शहर उभारणारा एक आणि पाणी अडवावयास शिकवणारा दुसरा नेता दिला, त्या मातीतल्या शहराचे आणि तेथील पाण्याचे नाते असे विस्कटावे, हा दैवाचा खेळ नव्हे. त्यामागे एक सवय आहे आणि ती तपासून पाहिली पाहिजे.

ती सवय वर पाहण्याची आहे. आपला माणूस मुंबईत असला म्हणजे गावचे प्रश्न मुंबईतच सुटतील, ही समजूत या शहरात दोन पिढ्या रुजली. येथे एका गोष्टीचे स्मरण दिले पाहिजे. वसंतराव मंत्रालयात पोहोचण्यापूर्वी, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गावच्या गल्ल्या आणि गावचा जमाखर्च यांपासून त्यांचे राजकारण सुरू झाले. आज क्रम उलटा झाला आहे. पुढे जावयाचे असेल तर गल्लीतून वर जाण्याऐवजी वरून गल्लीत निधी आणावा लागतो, आणि निधी आणला की फलकावर नाव लागते. गटार उपसले म्हणून कोणाचे नाव फलकावर लागल्याचे ऐकिवात नाही.

यात सारा दोष लोकप्रतिनिधींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि त्यांच्यासाठी १८ विषयांची यादी जोडली. परंतु विषय दिले आणि पैसा दिला नाही, अशी गत झाली. नगर परिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. स्वतःच्या उत्पन्नाचा तो हुकमी झरा आटला आणि अनुदानाची वाट पाहणे नशिबी आले. त्यानंतर राज्यातील बहुतेक नगर परिषदांवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसले होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा कोठे लोकनियुक्त सभागृहांचा मार्ग मोकळा झाला. इतका काळ विचारावयास कोणी नगरसेवक नव्हता ही सबब आता उरलेली नाही, आणि हीच गोष्ट मतदारांनी तसेच निवडून आलेल्यांनी ध्यानी घ्यावयाची आहे.

पुनरुज्जीवनाचा विषय निघाला की पुसदमध्ये दोन आशा बोलून दाखवल्या जातात. पहिली स्वतंत्र जिल्ह्याची. शेजारच्या वाशीमला १९९८ मध्ये आणि हिंगोलीला १९९९ मध्ये तो मान मिळाला, मग पुसदनेच काय घोडे मारले आहे, हा प्रश्न रास्त आहे. दुसरी आशा रेल्वेची. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाला मंजुरी मिळून दीड तपाहून अधिक काळ लोटला. त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. गाडी पुसदला येईल तेव्हा तिचे स्वागतच होईल. परंतु लोहमार्ग दोन्ही दिशांनी धावतो. ज्या शहरात राहावेसे वाटत नाही, तेथील तरुणाला पुण्याला नेण्याचे काम तो एस.टी.पेक्षा अधिक लवकर करील. जिल्ह्याचेही तसेच. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आल्याने कर्मचारी येतील, पण ते आपली बिऱ्हाडे येथे आणतील की शनिवारी गाव सोडतील, हे गावच्या राहणीमानावर ठरेल.

या संदर्भात अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील क्लीव्हलँड शहराचा अनुभव पाहण्याजोगा आहे. पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेले हे शहर कायाहोगा नदीच्या काठी वसले आहे. त्या नदीत इतके तेल आणि इतकी घाण साचली होती की ती एकोणिसाव्या शतकापासून अनेकदा पेटली. २२ जून १९६९ रोजी ती पुन्हा पेटली तेव्हा आग अर्ध्या तासाच्या आत विझली, पण तिची वार्ता देशभर गेली. नगराध्यक्ष कार्ल स्टोक्स यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना बरोबर घेऊन नदीची दुर्दशा दाखवली. १९७२ मध्ये तेथे शुद्ध जलाचा राष्ट्रीय कायदा झाला, त्याला या प्रसंगाचा हातभार लागला असे मानतात. परंतु या कथेतील खरा बोध आगीच्या आधी घडला आहे. आग लागण्यापूर्वी, नोव्हेंबर १९६८ मध्येच, क्लीव्हलँडच्या मतदारांनी नदी स्वच्छ करण्यासाठी १० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यास मतपेटीतून संमती दिली होती. राजधानीकडून काही येण्याची वाट न पाहता शहराने ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले होते.

नदी सुधारली म्हणून त्या शहराचे वैभव परतले असे मात्र नाही. १९५० मध्ये नऊ लाखांवर असलेली तेथील लोकवस्ती २०२० मध्ये पावणेचार लाखांच्याही खाली आली होती. गेलेले कारखाने गेलेच. परंतु जे नागरिक राहिले, त्यांना ज्या काठावर कोणी फिरकत नसे तो काठ परत मिळाला, आणि पाण्यात मासे परतले. पुनरुज्जीवन म्हणजे वाढ नव्हे. आहेत त्या माणसांना आपल्या गावात मानाने वावरता येणे, हा त्याचा अर्थ आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७३ हजार लोकसंख्या असलेल्या पुसदला हा अर्थ परवडण्याजोगा आहे. येथे पेटलेली नदी विझवावयाची नाही. नाल्यांची तोंडे तेवढी वळवावयाची आहेत.

त्यासाठी आरंभी मोठ्या योजनेची गरज नाही. नदीला मिळणारे नाले किती, प्रत्येक नाला कोणत्या प्रभागातून येतो आणि त्यातील पाणी शुद्ध करण्याची काय सोय आहे, याची यादी नगर परिषदेने प्रसिद्ध करावी. अंदाजपत्रकात नदीसाठी वेगळे शीर्षक ठेवून वर्षअखेर त्याचा हिशेब द्यावा. गावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी दरमहा पाण्याची परीक्षा करून निष्कर्ष चौकात लावले, तर त्यांचेही शिक्षण होईल आणि नगरसेवकांचेही. आणि नागरिकांनी घरपट्टी वेळेवर भरावी. जो कर भरतो त्याच्या प्रश्नाला वजन येते. थकबाकीदाराचा आवाज कितीही चढा असला तरी त्याला नगर परिषद सहज ऐकून न ऐकल्यासारखे करू शकते.

यातील कोणतीही गोष्ट मुंबईहून येणारी नाही. म्हणूनच ती लांबणीवर टाकणे सोपे आहे, आणि मनात आणले तर उद्या सुरू करणेही तितकेच सोपे आहे. जिल्हा व्हावयाचा तेव्हा होईल, गाडी यावयाची तेव्हा येईल. तोवर संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलांनी आणि शेवटच्या एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसांनी पूस नदीच्या काठी घटकाभर बसावे, इतके जरी या शहराला साधले, तरी गाव सोडून जाणाऱ्या तरुणाला परत येण्याचे एक कारण मिळेल.