बापाचा दाखला आणायचा कुठून?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एक गोष्ट आपोआप घडते. मामाचा फोन येतो, शेजारची ताई जुन्या वह्या आणून देते, कुणीतरी बजावते, ‘त्या कॉलेजात नको रे, तिथे प्रॅक्टिकल्स होत नाहीत.’ या बोलण्याला आपण शिक्षण म्हणत नाही. पण कॉलेजची निम्मी तयारी त्यातच होत असते. हे मला नीट उमगले ते तलासरी तालुक्यातल्या उधव्याला, एका वारली घराच्या ओटीवर.

मुलगी आश्रमशाळेत शिकलेली, सायन्सची. तिला नर्सिंगची पदवी घ्यायची होती. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून मांडला. गुणपत्रिका होती, जातीचा दाखला होता. अडले होते पडताळणीपाशी. तिथे वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता. बाप शेजारीच बसला होता. म्हणाला, “मी शाळेत गेलोच नाही, तर सोडणार कुठली?”

हसू आले, आणि लगेच ओशाळलो. अनुसूचित जमातीच्या पडताळणीत 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या पुराव्याला मोठे वजन असते. आता हा काळ आठवून पाहा. 1945 साली तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची सभा भरली आणि सावकार-जमीनदारांची वेठ नाकारण्याचे ठरले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो सारा इतिहास लिहिला आहे. वेठीतून जेमतेम मान वर काढणाऱ्या माणसाचे नाव पाच वर्षांत कोणत्या शाळेच्या पटावर चढणार होते? खोटे दावेदार रोखायला पडताळणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण जो घरातला पहिला, त्याच्याकडेच आधीच्या पिढ्यांचे कागद नसतात, आणि त्यालाच ते सर्वांत आधी लागतात.

वाट असते. आजोबाचे नाव जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत, म्हणजे कोतवाल बुकात, सापडू शकते. कधी जमिनीच्या जुन्या फेरफारात. पुष्कळदा ते मोडीत असते. हे माहीत असलेला माणूस मात्र घरात हवा! आणि अर्ज अकरावीतच करायचा असतो, निकालानंतर नव्हे.

याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच्या पायरीवर सुटलेले हे कोडे कॉलेजच्या पायरीवर मात्र तसेच पडून आहे.

आश्रमशाळेत घंटा होते, ताट समोर येते. पुढे एकदम खोली शोधा, ऑनलाइन अर्ज भरा, बँकेचे खाते आधारला जोडा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. जेवणा-राहण्याचे पैसे हप्त्याहप्त्याने खात्यावर येतात. योजना चांगली. पण पहिला हप्ता पडेपर्यंत घरमालक थांबत नाही, आणि सिल्वासाच्या कंपनीत पगार महिन्याला मिळतो. गणिताची शिकवणी न मिळाल्याने जेवढी मुले गळतात, त्याहून अधिक या दोन-तीन महिन्यांत गळत असावीत, असे मला वाटते. शहरातले दाते संगणक देतात. द्यावेत. पण त्याच शाळेतून कॉलेजला गेलेल्या एखाद्या मुलाला दिवाळीच्या सुटीत परत बोलावून नववी-दहावीसमोर बसवले, तर? मामाची, ताईची जागा तोच भरून काढील, आणि खर्च बसभाड्याचा.

निघताना मी तिला कोतवाल बुकाचे सांगितले. तिने आजोबांचे पूर्ण नाव बापाला विचारून वहीत लिहून घेतले. मग आठवीतल्या भावाकडे पाहून म्हणाली, “सर, माझी पडताळणी झाली की याला ती चालेल का?”

रक्ताच्या नात्यातल्या एकाची झाली की पुढच्याला बरेच सोपे जाते, असे मी म्हणालो. तिने तेही लिहून घेतले.