परदेशी सेवेकरी परतल्यावर काय उरते?

कोलकात्यात काली मंदिराला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या जुन्या निवाऱ्यात मदर तेरेसांनी १९५२ मध्ये निर्मल हृदय हे मरणासन्नांचे आश्रयस्थान सुरू केले. पुढे जगभरचे ख्रिस्ती तरुण तिथे काही आठवडे राबायला येऊ लागले. चादरी धुवायच्या, भांडी घासायची, दुबळ्या माणसाला घास भरवायचा. हे कष्ट खरे आहेत आणि त्यामागची श्रद्धाही खरी आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये तिथली स्वच्छता, जखमांची निगा आणि माया वाखाणली. त्याच लेखात जालीम वेदनाशामके नसल्याचेही नोंदवले. परदेशात जाऊन मरणासन्नांची सेवा करू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घ्यायला हव्यात. कर्करोग हाडांत उतरला की नुसती कूस बदलतानाही जीव कासावीस होतो. हात धरणारा कितीही मायाळू असो, त्या रुग्णाला आधी मॉर्फिन लागते. म्हणून सेवेकरी मायदेशी परतल्यावर तिथल्या रुग्णाला काय मिळत राहते, यावरच त्याच्या सेवेचे मोल ठरावे असे मला ठामपणे वाटते.

अ‍ॅन मेरीमन या ब्रिटिश कॅथलिक डॉक्टरने १९९३ मध्ये युगांडात कंपाला इथे मरणासन्नांच्या शुश्रूषेचे केंद्र, म्हणजे हॉस्पिस, उभे केले, ते याच कसोटीवर उतरते. मॉर्फिनची पूड पाण्यात कालवायची, टिकाऊपणासाठी थोडे रसायन घालायचे आणि तीव्रता ओळखू यावी म्हणून रंग मिसळायचा. स्वस्तातले हे औषध रुग्ण घरच्या अंथरुणावर पिऊ शकतो. पण देशात डॉक्टरच मोजके, मग ते लिहून देणार कोण? २००४ मध्ये युगांडाने खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना तो अधिकार दिला. बाहेरून आलेली एक श्रद्धावान बाई अनेक वर्षे तिथे राहिली आणि स्थानिक परिचारिकांच्या हाती ते काम रुजले.

यावर कुणी म्हणेल, सगळेच काही डॉक्टर नसतात. मग साध्या भाविकाच्या प्रेमाला जागाच नाही का? जागा आहे, पण ती बहुधा त्याच्या स्वतःच्या गल्लीत आहे. शेवटच्या दिवसांत माणूस पुटपुटतो ते पाण्यासाठी, दुरावलेल्या मुलासाठी, कुणाचे तरी देणे राहिले म्हणून. दुभाष्यामार्फत हे ऐकता येत नाही. कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमन सेवेच्या चळवळीने केरळभर शेजारपाजारचेच स्वयंसेवक तयार केले. रुग्णाच्या घरात चूल पेटते का, पोरांची फी भरली का, हे त्यांना ठाऊक असते. परक्याने अशा लोकांच्या पाठीशी उभे राहावे, परिचारिकांना शिकवावे, औषधसाठ्याचा हिशेब लावून द्यावा. हाती कसब नसेल तर आधी ते मिळवावे.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा. तो नुसता द्वेषातून येतो असे म्हणून झटकता येणार नाही. औषधासाठी आणि घोटभर पाण्यासाठीही दुसऱ्यावर अवलंबून असलेला माणूस ‘नाही’ म्हणायला मोकळा नसतो. त्याच्यापुढे न विचारता ख्रिस्ताची गोष्ट काढणे हा दुबळेपणाचा गैरफायदाच आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले ते ख्रिस्ती श्रद्धेतूनच, तरी तिथली दारे कोणत्याही धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या रुग्णालाही खुली राहिली. रुग्णाने स्वतः प्रार्थना मागितली तर जरूर करावी. तो मुसलमान असेल तर मौलवींना आणि हिंदू असेल तर त्याच्या घरच्यांना गंगाजल घेऊन बोलावणे, हेही त्याच सेवेत येते.

आपल्याकडच्या चर्चमधूनही तरुण परदेशी सेवेला जाण्याची स्वप्ने पाहतात. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून प्रगत कर्करोगाच्या रुग्णांची मोफत सेवा करते आहे. वसईच्या मुलामुलींनी विमानाचे तिकीट काढण्याआधी अशा ठिकाणी वर्षभर नेमाने जावे. मराठीत कण्हणाऱ्या माणसाचे सगळे म्हणणे त्यांना कळेल, आणि पुढच्या आठवड्यातही ते तिथे असतील.