सुगीनंतर एक दिवस उजनीकाठी



ज्वारीची काढणी-मळणी उरकली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या की आठ-पंधरा दिवस जरा उसंत मिळते. देवदर्शन, लग्नकार्ये आहेतच. पण यंदा एक दिवस पोराबाळांना, घरच्या कारभारणीला आणि म्हाताऱ्या माणसांनाही उजनीच्या फुगवट्यावर घेऊन जा. "पाणी तर रोज कॅनॉलला बघतो, त्यात काय बघायचं?" असे म्हणू नका.

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही वर दिसते. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, पण त्यातले ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणूनच कडक उन्हाळ्यातही फुगवटा सहसा कोरडा पडत नाही. पाणी मागे सरते, गाळ उघडा पडतो. आपण तिथे गाळपेर करतो, आणि पक्षी आपली सुगी साधतात.

करमाळ्याच्या बाजूला केत्तूर, कुगाव आणि पलीकडे इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगाव इथे रोहित पक्षी उतरतात. उंच पाय, लांब मान, आणि चोच पाण्यात उलटी घालून चाळणीसारखा गाळ गाळायचा. शेवाळ आणि बारीक जिवांतूनच त्यांच्या पंखांना गुलाबी रंग येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. तो काठच्या कोवळ्या पिकातही चरतो, तेवढे सोसावे. १९७२ च्या कायद्याने या पाखरांना संरक्षण आहे. गलोल घरीच ठेवायला पोरांना सांगा.

आता मुख्य गोष्ट. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान लेकरेही होती. एकजण पोहून काठाला लागला. ही सहलीची बोट नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्या माणसांची होती. फुगवट्यावर वाऱ्याला आडोसा नाही. वैशाखात दुपार कलली की वळवाचे ढग जमतात आणि बघता बघता लाटा उठतात.

तेव्हा बोटीत बसायचे ते सकाळीच. पक्षीही तेव्हा निवांत चरत असतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवे, आणि पोराला पोराच्या मापाचे. मोठे जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. पट्टे स्वतः ओढून बघा. जॅकेट नसेल तर काठावरूनच बघावे, त्यात कमीपणा नाही. थवा उडाला की सगळे एका बाजूला धावतात आणि बोट कलते. जागा सोडू नका. "अजून जवळ घ्या" असा नावाड्याला आग्रहही नको. तो "वारा सुटलाय, परत फिरू" म्हणाला तर पैसे वाया गेले म्हणून वाद घालू नका, लगेच फिरा.

गाळ वरून सुकलेला दिसतो, आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. पाण्याखाली जुन्या विहिरी आहेत, म्हणून पोहणाऱ्यांनीही तिथे उतरू नये.

भिगवणला चिलापी मासा चांगला मिळतो. माळकरी मंडळींनी दशम्या-चटणी बांधून न्यावी आणि प्यायचे पाणी घरचेच घ्यावे.