छोट्या न्हाणीघरात शॉवर

शॉवर बसवायचा ठरले की बहुतेक घरांत आधी नळांची दुकाने पालथी घातली जातात. जागेचा विचार होतो तो गवंडी दारात आल्यावर. मग कमोडवर पाणी उडते, जमीन दिवसभर ओली राहते आणि एखाद्या दिवशी आजींचा पाय घसरतो.

समजा, न्हाणीघर ४ फूट बाय ७ फूट आहे आणि दार अरुंद बाजूला आहे. दाराजवळ लहान बेसिन, मग कमोड आणि शेवटच्या ३ फुटांत शॉवर घ्यावा. फोडाफोडीपूर्वी ही जागा खडूने आखून तिथे उभे राहून पाहावे. पाठ चोळताना कोपर भिंतीला लागत असेल, तर जागा अपुरी आहे.

शॉवरचा कॉक धारेखाली न जाता उघडता यावा. म्हणजे कढत पाणी एकदम अंगावर येत नाही. बादलीसाठी दीड फुटावर नळ हवाच. पाण्याला जोर नसेल त्या दिवशी तोच कामी येतो.

जमिनीला जाळीकडे दर फुटाला पाव इंच उतार द्यावा. लाद्या खरखरीत घ्याव्यात आणि आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवावा. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. गॅस गीझर मात्र आत कधीही लावू नये. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एवढे जमले, की लाद्यांचा रंग सावकाश निवडावा!