नटाचा मान आणि गावाची मर्यादा

कीर्ती ही ज्याची त्याने कष्टाने मिळविलेली मिळकत असते, आणि कीर्तिवंताचा योग्य तो मान राखणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण होय. याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो पुढे. मोठा नट चित्रीकरणासाठी चार दिवस खेड्यात उतरतो, किंवा डोंगराच्या उतारावर शेतघर बांधून त्या गावाचा शेजारीच होतो, तेव्हा त्याने गावाच्या रीतीप्रमाणे वागावे, की गावाने त्याच्या मर्जीप्रमाणे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. वेशीच्या आत पाऊल टाकणारा कोणीही असो, तो त्या गावाच्या मर्यादेखाली येतो. पडद्यावरचे राजेपण त्याला वेशीबाहेर उतरून ठेवावे लागते. ही साधी गोष्ट आजच्या नामांकित नटांपैकी अनेकांना उमगत नाही. आणि याहून खेदाची गोष्ट अशी की, ती न उमगण्याची सवय त्यांस आपणच लावली आहे.

नुसते तत्त्व सांगून भागत नाही; वकिलाला पुरावा द्यावा लागतो. म्हणून प्रथम राजस्थानातील कांकाणीचे प्रकरण घेऊ. 1998 साली ‘हम साथ साथ हैं’ या चित्रपटाचे चित्रीकरण जोधपूरच्या परिसरात चालले होते. एकोप्याने नांदणाऱ्या सात्त्विक कुटुंबाची ती कथा! ऑक्टोबरच्या आरंभीच्या एका रात्री कांकाणी गावाच्या शिवारात दोन काळविटांची शिकार झाली. गोळीच्या आवाजाने आपण जागे झालो, अंधारात जिप्सी मोटार पाहिली आणि तिचा पाठलाग केला, अशी साक्ष तेथील बिष्णोई ग्रामस्थांनी न्यायालयात दिली. आरोप आला तो सलमान खान या नटावर आणि त्याच्या सोबतच्या कलावंतांवर.

ही माणसे मध्यरात्री अंथरुणातून उठून का धावली, हे कळण्यासाठी त्यांचा धर्म थोडा समजून घेतला पाहिजे. 1485 साली गुरू जांभेश्वरांनी या पंथाची स्थापना केली. त्यांनी घालून दिलेले नियम एकोणतीस. बीस आणि नौ यांवरूनच बिष्णोई हे नाव पडले असे सांगतात. जीवमात्रांवर दया करावी आणि हिरवे झाड तोडू नये, हे त्यांतलेच. नियम केवळ पोथीत राहिले नाहीत. 1730 साली जोधपूरच्या महाराजांची माणसे खेजडली गावी झाडे तोडण्यास आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडास मिठी मारली, आणि तिच्यासह 363 बिष्णोईंनी त्या झाडांसाठी प्राण दिले. आई मेलेल्या पाडसास स्वतःच्या अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया या समाजात आहेत. अशा गावच्या शिवारातले काळवीट हे त्या गावचे लेकरूच असते. तेथे बंदूक झाडणे म्हणजे परक्याच्या माजघरात शिरून त्याच्या देवघरावर घाव घालणे होय.

आता न्यायालयात काय झाले ते नेमके सांगतो, कारण अशा विषयात अर्धवट बोलणे हाही अन्यायच. 5 एप्रिल 2018 रोजी जोधपूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सलमान खान यांस दोषी ठरवून पाच वर्षांची कैद व दहा हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. सैफ अली खान, सोनाली बेंद्रे, तब्बू आणि नीलम यांस संशयाचा फायदा देऊन मुक्त केले. शिक्षेविरुद्ध अपील झाले. आरोपीने गुन्हा सदैव नाकारला आहे. त्याच चित्रीकरणाच्या काळातील चिंकारा हरणांच्या दोन प्रकरणांत राजस्थान उच्च न्यायालयाने त्यास 2016 साली निर्दोष सोडले, हेही येथे नमूद केलेच पाहिजे. कायद्याचा शेवटचा शब्द कायदाच उच्चारील. आमचा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि त्याला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

शिकारीपासून शिक्षेपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गेली. या वीस वर्षांत त्या नटाचे डझनावारी चित्रपट आले, आणि साक्षीदार शेतकरी तारखांना हजर राहून म्हातारे झाले. शिक्षा झाली त्या दिवशी त्याच्या चित्रपटांत किती कोटी रुपये अडकले आहेत याचे हिशेब वृत्तपत्रांनी छापले. दोन रात्रींनंतर जामीन झाला. त्याच दिवशी मुंबईत त्याच्या घरापुढे चाहत्यांची गर्दी लोटली आणि सज्जातून हात हलवून त्या गर्दीचा स्वीकार करण्यात आला. कांकाणीच्या साक्षीदारांच्या दारी मात्र कोणी हार घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही. वीस वर्षे एका मुक्या जिवासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारा शेतकरी हा आमच्या मते या काळातला खरा नायक आहे. पण त्याचे चित्र कोणी भिंतीवर लावले? अहंकार नटाच्या अंगी असतो खरा, परंतु त्याला खतपाणी घालणारे हात सज्जाखालच्या गर्दीत असतात.

येथेच एका अपप्रवृत्तीचा समाचार घेतला पाहिजे. या प्रकरणात नटाचा धर्म काढून बोलणारे काही लोक आपल्यातही आहेत. त्यांस आमचे सांगणे असे की, आरोपींत निरनिराळ्या धर्मांची माणसे होती आणि अहंकाराला धर्म नसतो. तसेच बिष्णोईंच्या भावनेचे नाव पुढे करून 14 एप्रिल 2024 रोजी वांद्र्यास या नटाच्या घरावर ज्यांनी गोळ्या झाडल्या, त्यांनी जांभेश्वरांच्या एकोणतीस नियमांचा अपमानच केला. जीवदया शिकविणाऱ्या पंथाचे नाव सूडाला देता येत नाही. कांकाणीच्या ग्रामस्थांनी हातात कायदा घेतला नाही. ते चौकीवर गेले, साक्षीला उभे राहिले. त्यांचे मोठेपण त्यातच आहे.

कांकाणी दूर आहे असे कोणी म्हणेल. तर मग अहिल्याबाईंच्या महेश्वरास चला. इंदूरच्या आमच्या वाचकांना ते परके नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये तेथील नर्मदेच्या घाटावर ‘दबंग 3’ चे चित्रीकरण झाले. घाटावरील एका शिवलिंगावर लाकडी फळ्यांचा मंच घातल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि गदारोळ उठला. पिंडीस इजा होऊ नये म्हणूनच फळ्या घातल्या होत्या असा खुलासा करण्यात आला, आणि त्या काढूनही टाकल्या. खुलासा आम्ही जसाच्या तसा मान्य करतो. तरीही प्रश्न उरतो. ज्या पिंडीवर रोज कोणीतरी पाणी घालतो, तिच्यावर फळ्या घालण्यापूर्वी त्या पाणी घालणाऱ्याला कोणी विचारले होते काय? हेतू चांगला असला तरी विचारण्याची गरज न वाटणे, हेच तर त्या रोगाचे लक्षण आहे.

गोव्यात बार्देशातील नेरुल गावाने 2020 च्या ऑक्टोबरअखेर याचाच दुसरा नमुना पाहिला. साथीचे दिवस होते. मुंबईच्या एका मोठ्या चित्रसंस्थेचे पथक चित्रीकरण करून गेले, आणि मागे कचऱ्याचा ढीग राहिला. त्यांत वापरून टाकलेले पीपीई पोशाखही होते! ग्रामस्थांनी आवाज उठविला, मंत्र्यांनी माफीची मागणी केली, तेव्हा कुठे जबाबदारी कोणाची याची चर्चा सुरू झाली. ज्या गावच्या माडांची सावली पडद्यावर सुंदर दिसली, त्या गावच्या माणसांचा श्वास त्या पथकाच्या हिशेबात नव्हता.

नटांचे वकीलपत्र घेणारे यावर एक बचाव नेहमी मांडतात. म्हणतात, नटाला यातले काहीच ठाऊक नसते. सारे व्यवस्थापक करतात, रखवालदार करतात. कायद्याचे जुने तत्त्व असे की, माझ्या कामासाठी माझ्या माणसाने जे केले ते मीच केले. नट ज्या रखवालदाराला पगार देतो त्याने गावच्या म्हाताऱ्याला देवळाच्या पायरीवरून बाजूस सारले, तर तो धक्का नटाच्याच हाताचा. आणि ‘ठाऊक नाही’ हा बचाव तर आरोपाहून वाईट आहे. शेजारी कोण राहतो, त्याची वाट कोणती, त्याचा देव कोणता, हे ठाऊक करून न घेणे यालाच आमच्या भाषेत माज म्हणतात.

दुसरा बचाव पैशाचा. चित्रीकरणाने गावात पैसा येतो, चार मुलांना काम मिळते, गावाचे नाव होते. पैसा येतो, हे खरे. परंतु भाडे देणारा भाडेकरूच असतो, मालक होत नाही. आणि चार दिवसांचा भाडेकरू तर मुळीच नाही. राहता राहिले गावाचे नाव. मंगेशी, म्हार्दोळ, महेश्वर यांची नावे चित्रपट जन्मास येण्यापूर्वी शेकडो वर्षे लोकांच्या ओठांवर होती. त्यांस कोणा नटाने नाव मिळवून देण्याची वाट पाहावी लागली नाही.

नट आणि गाव यांचे नाते कसे असावे, हे शिकण्यासाठी आपल्याला परदेशी जावयास नको. सिंधुदुर्गात आणि पेडण्याच्या बाजूस दशावतारी मंडळ्या आजही जत्रेच्या रात्री देवळापुढे नाटक करतात. स्वतःच्या हाताने रंग लावतात, पेटाऱ्यातल्या गणपतीला आधी नमस्कार करतात, आणि मग रात्रभर इंद्र, रावण, हरिश्चंद्र होऊन गावाला जागे ठेवतात. पहाटे दहीकाला होतो, रंग पुसला जातो, आणि रात्रीचा राजा ग्रामस्थांच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसतो. पावसाळा आला की त्यांतले कित्येक नांगर धरतात. ही माणसे कलेत उणी नाहीत; रात्रीच्या मुकुटाला ते सकाळी डोक्यावर राहू देत नाहीत, एवढेच. देवापुढे खेळ केला म्हणजे आपण खेळातलेच राजे आहोत याची आठवण आपोआप राहते.

आजच्या चित्रपटसृष्टीतही हे ज्ञान अगदीच लोपले आहे असे नाही. 2015 साली नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी ‘नाम’ संस्था काढली. 2016 साली आमीर खान यांच्या पुढाकाराने ‘पाणी फाउंडेशन’ उभे राहिले आणि जलसंधारणाची स्पर्धा वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांतून सुरू झाली. तेथे कुदळ गावकऱ्यांनीच मारली, आणि श्रेयही गावाच्या नावावर मांडले गेले. कीर्ती गावाच्या कामी लावता येते, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच बाकीच्यांना सबब उरत नाही.

आता आपल्या स्वतःकडे वळू. नट देवळात येणार असे कळले की रांग थांबविणारे कोण? दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या बाळंतिणीला मागे सारून नटासाठी गाभाऱ्याची वाट मोकळी करणारे कोण? ते महाजन, ते विश्वस्त, ते पंच आपल्यातलेच असतात. देवापुढे सर्व सारखे, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि सभामंडपात विसरतो. देवाच्या दारात ज्याला वेगळी वाट दिली, तो गावात आल्यावर सरळ वाटेने कसा चालेल?

शेतघरांच्या बाबतीतही आपली भीडच आपणांस नडते. मोठ्या माणसाची भिंत उठली की पहिला बळी पडतो तो पाणंदीचा किंवा देवराईकडे जाणाऱ्या वाटेचा. गावकरी कुरकुरतात आणि लांबून वळसा घालतात. त्यांस ठाऊक असावे की, महाराष्ट्रात 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमान्वये शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदारास आहे. परंतु दावा सहा महिन्यांच्या आत आणावा लागतो. गोव्यातही 1966 पासून मामलेदार न्यायालयाचा स्वतंत्र कायदा आहे. भिंत कोणाची आहे हे कायदा पाहत नाही. पाहतो तो आपणच, आणि पाहता पाहता सहा महिने निघून जातात.

म्हणून प्रत्येक देवस्थान समितीने आणि ग्रामपंचायतीने आपल्या अटी आधीच लेखी ठरवून ठेवाव्यात, व त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवाव्यात. नित्यपूजेची वेळ व भाविकांची वाट बंद होणार नाही. पिकाची, झाडाची, पायरीची जी हानी होईल तिची भरपाई होईल. कचरा उचलण्यापुरती अनामत आगाऊ घेतली जाईल आणि शिवार तपासल्यावरच ती परत होईल. रखवालदार गावकऱ्याच्या अंगाला हात लावणार नाहीत. आणि दर्शन सर्वांबरोबर, रांगेतून. या अटी ज्याला मान्य असतील त्याचे नारळ देऊन स्वागत करावे. ज्याला त्यात अपमान वाटेल त्याने दुसरा देखावा शोधावा.

दोन काळविटांसाठी वीस वर्षे कोर्टात उभे राहण्याचे बळ कांकाणीच्या शेतकऱ्यांना मिळाले ते त्यांच्या धर्मातून. आपल्याला तर नुसती दर्शनाची रांग सरळ ठेवायची आहे. तेवढेही धैर्य आपल्या देवस्थानांत नसेल, तर नटांच्या माजाबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.