एसटीच्या तिकिटावरचा कर आधी रद्द करा!

एसटी तोट्यात आहे, असे मंत्रालयातून वर्षानुवर्षे ऐकवले जाते. शाळा तोट्यात आहे असे कुणी म्हणतो काय? सरकारी दवाखाना नफ्यात चालला पाहिजे असा हट्ट कुणी धरतो काय? मग हा ताळेबंद एकट्या लाल परीच्याच कपाळी का? बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत गरिबाचे पाऊल शिवेबाहेर पडते ते एसटीच्या भरवशावर. त्या एसटीच्या तिकिटातून सरकार 17.5 टक्के प्रवासी कर वसूल करते! कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी, बिगारी कामाला निघालेला मजूर, भरतीच्या परीक्षेला निघालेला पोरगा, सगळ्यांच्या खिशाला ही कात्री. आणि याच राज्याने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई महानगर, पुणे आणि रायगडमध्ये विमानाच्या इंधनावरचा कर 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला. विमानाला सूट, एसटीला दंड! हा अन्याय आहे आणि तो उघड्या डोळ्यांनी केलेला आहे.

आता इंधनाचा हिशेब मांडू. एसटी एका लिटर डिझेलमध्ये साधारण साडेचार किलोमीटर जाते. आत चाळीस माणसे असतील तर त्या लिटरात माणशी किलोमीटर झाले एकशे ऐंशी. एकट्याने दामटलेली मोटारसायकल लिटरमागे पन्नासच्या आसपास. दोघांना घेऊन निघालेली कार तीस. जो देश गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून विकत आणतो, त्या देशात एसटीला दिलेला पैसा म्हणजे खैरात नव्हे, ती तेलाची बचत आहे.

मुक्कामी गाडी आठवते? रात्री पारावर येऊन थांबायची. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायचे आणि पहाटे सहाला तीच गाडी दुधाच्या कॅना, कॉलेजच्या पोरी, बाजाराच्या पाट्या घेऊन तालुक्याला निघायची. ज्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली, तिथे पोरांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या, बाकीचे जीपच्या टपावर चढले आणि पोरींची शाळा सुटली. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्यांनी काही मुलींचे शिक्षण वाचवले, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. सरकारने पैसा घातला की काय होते याचा तो पुरावाच आहे.

अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995-96 मध्ये मंजूर झाला. बीडच्या स्टेशनातून प्रवासी गाडी सुटायला 17 सप्टेंबर 2025 उजाडले. तीस वर्षे! एक पिढी ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसून म्हातारी झाली. आणि आता स्टेशनातून गावाला नेणारी एसटी नसेल, तर त्या रेल्वेचा पाटोद्याच्या वाडीवस्तीला उपयोग काय? 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तीचा दिवस. ज्या निजामाचे राज्य त्या दिवशी संपले, त्याच्या रेल्वेनेसुद्धा 1932 साली 27 गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती. राजेशाहीला जे कळले ते लोकशाहीला कळू नये?

याच बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, परळीत कोळसा जाळून वीज होते. राज्यात 5150 इलेक्ट्रिक बस भाड्याने घ्यायचे ठरले. त्यांतल्या गाड्या आधी पुण्या-मुंबईला कशाला? ज्या जिल्ह्याचा वारा वीज देतो, त्याच्या आगारांत चार्जिंगची सोय पहिली झाली पाहिजे. तिकिटातल्या सवलती जाहीर करताना टाळ्या सरकारने घ्यायच्या आणि त्यांची भरपाई थकवून महामंडळाला कर्जात ढकलायचे, हेही थांबले पाहिजे. भरपाई दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा करा.

वाचकहो, येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: प्रवासी कर रद्द करा, आमची मुक्कामी गाडी परत द्या. ठरावाची एक प्रत आगारप्रमुखाला द्या, दुसरी आमदाराच्या हातात ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.